दुपारची दहा पानं

तुमच्या घरी यंदा कोणी बारावी झालं असेल, तर ही सुट्टी तुम्ही जवळून पाहतच असाल. शाळा संपलेली, कॉलेज सुरू व्हायचं बाकी. शाळेचा गणवेश कोणाला तरी देऊन टाकलेला, कॉलेजचं ओळखपत्र अजून हातात नाही. दोन-अडीच महिने आपण कोणीच नसतो. आणि नेमकं याच काळात जो तो विचारतो, "मग, सध्या काय चाललंय?"

मी सांगते, "वाचते आहे."

भिलाईत या उत्तराचा एकच अर्थ निघतो. "अच्छा, ड्रॉप लिया है? नीट या जेईई?" आमचं गाव कोचिंगचं गाव आहे. इथे मूल दहावी झालं की त्याच्या नावामागे रँक चिकटतो. मी गोष्टीची पुस्तकं वाचते आणि जुलैत नागपूरला बीएला जाणार आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे नाही, माझ्या आईकडे बघतो. नजरेत सहानुभूती असते. आई आता सरावली आहे. ती सरळ विचारते, "सरबत घेणार का?"

तर या उन्हाळ्यात मी काय वाचलं, त्यापेक्षा कोणासाठी वाचलं, हे तुम्हाला सांगायचं आहे. कारण तुमच्याही घरात असं एखादं माणूस असू शकतं.

आधी आमचं वैशाली नगर. भिलाई म्हटलं की लोकांना पोलाद कारखाना आठवतो, आखीव सेक्टर आठवतात, रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं आठवतात. ते सगळं रेल्वे लाईनच्या पलीकडे. आम्ही अलीकडे, सुपेल्याच्या बाजूला. कंपनीच्या क्वार्टरमध्ये उभी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली की माणसं जाणार कुठे? कोणी गावी परतलं, कोणी इकडे छोटासा प्लॉट घेऊन घर बांधलं. माझ्या आजोबांनी बांधलं. आमच्या गल्लीत तेलुगू घर आहे, मल्याळी आहे, भोजपुरी बोलणारं आहे, छत्तीसगढी तर आहेतच, आणि मराठी आम्ही. भिलाईला 'मिनी इंडिया' म्हणतात ते काही उगाच नाही. गल्लीची भाषा हिंदी, शाळेची हिंदी आणि इंग्रजी, भाजीवालीशी छत्तीसगढी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत.

आजोबा १९६१ मध्ये भंडारा जिल्ह्यातून इथे आले. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला कारखाना तेव्हा नवाकोरा होता. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली होती. आजोबा लागले ते रेल मिलमध्ये, जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात. आजही देशातल्या रुळांचा मोठा हिस्सा इथूनच जातो. आजी १९६६ मध्ये लग्न होऊन आली, तुमसरहून. सातवीपर्यंत शिकलेली. आजोबांची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. ते रात्रपाळी करून दिवसा झोपले की घरात आवाज करायचा नाही. तेव्हा आजीला वाचनाची सवय लागली, असं ती सांगते. आवाज न करता करण्यासारखं दुसरं काम नव्हतं म्हणे.

दरवर्षी माहेरी गेली की ती नागपूरला एक फेरी मारायची आणि दोन-तीन पुस्तकं, दिवाळी अंक घेऊन यायची. साठ वर्षांत त्यांचं एक लोखंडी कपाट भरलं. आमच्या घरातली ही एकच अशी वस्तू आहे की जिला रंग देताना आजीला विचारावं लागतं.

गेल्या दोन वर्षांत मात्र कपाट उघडलं गेलं नाही. आजीचे डोळे गेले, असं मी म्हणणार नाही, कारण ते पूर्ण गेलेले नाहीत, आणि हेच लोकांना समजावणं अवघड जातं. सगळ्यांना वाटतं मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून टाका. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिचं कधीच झालं. हा आजार वेगळा आहे. वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधोमधचा भाग झिजत जातो. कडेचं दिसत राहतं, मधलं पुसलं जातं. त्यामुळे आजी अंगणात फिरते, तुळशीला पाणी घालते, दारात कोणी उभं आहे हे तिला कळतं, पण कोण आहे ते कळत नाही. या आजाराच्या ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात, आजीचा प्रकार कोरडा. त्यावर चष्म्याचा नंबर वाढवूनही फरक पडत नाही. अक्षर पाहायला जावं तर नेमकं तेच अक्षर नाहीसं होतं. तिच्याच भाषेत, "ज्याच्याकडे पाहाव, तेच पळून जाते."

तुमच्या घरातली वयस्कर मंडळी "आता वाचावंसं वाटत नाही" असं म्हणू लागली, तर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. आजीही आधी वर्षभर तेच म्हणत होती.

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपली आणि मी कपाटाची किल्ली मागितली. आजीनं विचारलं, "कायले?" मी म्हटलं, वाचायला. ती म्हणाली, "मग मोठ्यानं वाच."

आमचा दिवस असा असायचा. सकाळी सहाला नळ येतो, त्या आधी उठायचं. आठपर्यंत झाडलोट, कूलरमध्ये पाणी. न्याहारीला बहुतेक बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, बरोबर कांदा, हिरवी मिरची, मीठ. आजी इथे आल्यावर शेजारणीकडून शिकली आणि आता तिच्याशिवाय आमचा उन्हाळा होत नाही. (बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सकाळी शिळा भात वाढला म्हणून आईला अजूनही संकोच वाटतो. मला वाटत नाही. ४३ अंशांत ते खाऊन बघा.) दहानंतर गल्ली ओस पडते. सुपेल्याकडून येणारा गाड्यांचा आवाजही थकल्यासारखा होतो. जेवणं झाली की एक वाजता खिडकीला ओली चादर, कूलर सुरू, आजी दिवाणावर, मी खाली चटईवर. एक ते तीन.

कूलरच्या आवाजात मोठ्यानं वाचणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. वीज गेली की उकडतं, पण ऐकू छान येतं. आजीला वीज गेलेली चालायची.

सुरुवात जुन्या दिवाळी अंकांपासून केली. आणि पहिल्याच दिवशी एक गंमत कळली. मी मराठी बोलते, ते आजीचं ऐकून. मराठी वाचते, ते देवनागरी येते म्हणून. पण हे दोन्ही एकत्र कधी आलेच नव्हते. 'जग' हा शब्द तुम्ही कसा वाचाल? पाण्याचा जग असेल तर एक उच्चार, आणि दुनिया या अर्थी असेल तर दुसरा. लिहिताना दोन्ही सारखेच. 'चहा'तला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'चार' माणसं एका उच्चाराची आणि गाईचा 'चारा' दुसऱ्या. मराठी शाळेत शिकलेल्यांना यात काय विशेष, असं वाटेल. हिंदीत शिकलेल्या मुलीला कागदावर एकच च दिसतो आणि तो ती हिंदीतलाच उच्चारते. आजी डोळे मिटून ऐकत असायची आणि मध्येच हात वर करायची. "हा च चहाचा नव्हे, चाकाचा." मग मी तो शब्द पुन्हा वाचायची. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की बोलताना मी हे सगळे उच्चार बरोबरच करते. जिभेला माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं.

मे महिन्याच्या मध्याला आजीनं सांगितलं, "ते वरच्या खणातलं काढ, लक्ष्मीबाईचं." म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

नाव मी ऐकलं होतं. मराठीतलं गाजलेलं आत्मचरित्र, पहिला भाग १९३४ साली आला, एवढं माहीत होतं. गाजलेल्या पुस्तकांची मला थोडी भीती वाटते, ती फार गंभीर असतील असं वाटतं. पण हे पुस्तक मोठ्यानं वाचायला घ्या, कोणाला तरी समोर बसवून, आणि बघा. लक्ष्मीबाईंना शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही, अकराव्या वर्षी लग्न, लिहिणं-वाचणं शिकल्या त्या लग्नानंतर. म्हणूनच की काय, त्या लिहितात तसं कोणी लिहीत नाही, बोलतात मात्र सगळे. सोवळ्याओवळ्याच्या नादानं घरादाराला पाण्यात बुडवणारे वडील, हातात आलेला पैसा कोणालाही देऊन मोकळा होणारा आणि न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, आणि या सगळ्यावर रडता रडता हसणारी ही बाई. आजी एवढी हसायची की आई झोपेतून उठून यायची.

दहा पानांच्या वर आमची गाडी कधी गेली नाही. कारण आजी थांबवायची. लक्ष्मीबाईंच्या सासरचा प्रसंग आला की तिला तिची सासू आठवायची. टिळक न सांगता निघून गेले की आजोबा एकदा पाळीहून परस्पर रशियन साहेबाच्या घरी जेवायला गेले होते, ती रात्र आठवायची. तेव्हा फोन नव्हते, ती बाळाला घेऊन गेटपर्यंत चालत गेली होती. ही गोष्ट बाबांनाही माहीत नव्हती, आणि ते बाळ म्हणजे बाबाच! पुस्तक एक चालू होतं आणि त्याच्या आतून दुसरं निघत होतं. मी वहीत लिहून ठेवू लागले. आजीला ते आवडलं नाही. "लिहितेस तर ऐकत नाहीस," ती म्हणाली. वही बंद केली.

आणि मग एका दुपारी राजनांदगाव आलं.

पुस्तकात, असं म्हणायचंय मला. नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघतात. त्या वेळी ते बैरागी महंतांचं छोटं संस्थान होतं. आगगाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटतो, बोलणं कवितेवरून धर्मावर येतं, आणि उतरण्याआधी तो त्यांना बायबलची प्रत देतो. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यातून नवरा-बायकोची काही वर्षांची ताटातूट झाली. त्या सगळ्याची सुरुवात या प्रवासात आहे. मराठी वाचकांना हे ठाऊक असेल. मला नव्हतं. राजनांदगाव आमच्यापासून फार लांब नाही. माझ्या मैत्रिणीची मावशी तिथे राहते. आम्ही डोंगरगडला जाताना तिथे समोसे घेतो. मराठीतली पुस्तकं पुण्यात, नाशकात, कोकणात घडतात अशी माझी समजूत होती. आमच्या लोकलच्या स्टेशनाचं नाव त्यात असेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी ते वाक्य वाचून थांबले. आजी म्हणाली, "म्हणून तर काढाले सांगितलं."

ती १९६६ मध्ये त्याच लाईननं आली होती, तुमसर रोडहून, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत. येताना राजनांदगावची पाटी दिसली तेव्हा तिला लक्ष्मीबाई आठवल्या होत्या, कारण लग्नाआधी मामाच्या घरी तिनं हे पुस्तक वाचलं होतं. परक्या मुलखात ओळखीचं एक नाव निघालं, तेवढाच आधार वाटला, असं ती म्हणाली. एकोणीस वर्षांची होती ती. मी अठरा.

त्यानंतरच्या रविवारी मी बाबांच्या मागे लागले आणि आम्ही सकाळच्या गाडीनं राजनांदगावला गेलो. लक्ष्मीबाईंचं तिथे आम्हाला काही सापडलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते थोडकं वास्तव्य, शोधणार तरी कुठे? पण दिग्विजय कॉलेज पाहिलं. जुन्या राजवाड्यात भरणारं हे कॉलेज तळ्यांच्या मध्ये आहे, एका अंगाला राणीसागर, दुसऱ्या अंगाला बूढ़ासागर. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून इथे हिंदी शिकवायचे आणि याच आवारात राहायचे. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. हिंदीच्या पुस्तकात मुक्तिबोध मला अभ्यासाला होते. सर कविता समजावताना घामाघूम झाले होते, तेवढं आठवतं. पण ते घरी मराठी बोलायचे, त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले कवी आणि कादंबरीकार, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका घरातले दोन भाऊ, एक हिंदीत लिहितो, दुसरा मराठीत, आणि दोघेही आपापल्या भाषेत मोठे. ११ सप्टेंबर १९६४ ला मुक्तिबोध गेले, 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला, आणि तो छापून आलेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

बाबा तळ्याकाठी बराच वेळ उभे राहिले. ते भिलाईत हिंदी शाळेत शिकले, पॉवर हाऊसला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहितात. त्यांना मी कधी पुस्तक हातात घेतलेलं पाहिलं नाही. "दोन भाषा येणं काही वाईट नाही म्हणजे," एवढंच म्हणाले आणि भजी घ्यायला गेले.

माझं स्वतःचं वाचन रात्री, गच्चीवर, मोबाईलच्या उजेडात. ते हिंदी. मार्च २०२५ मध्ये विनोद कुमार शुक्ल यांना ज्ञानपीठ जाहीर झालं आणि आमच्या छत्तीसगडात आनंद झाला, कारण या राज्याच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच ज्ञानपीठ. ते मूळ राजनांदगावचे, राहायचे रायपूरला. 'दीवार में एक खिड़की रहती थी' मी दोनदा वाचलं. त्यात काही घडत नाही अशी माझ्या मैत्रिणीची तक्रार आहे. एक गरीब मास्तर, त्याची बायको, आणि भिंतीतली एक खिडकी जिच्यातून उडी मारली की पलीकडे नदी, तळं, झाडं. मला वाटतं आमच्यासारख्या गल्लीत राहणाऱ्याला ते पुस्तक लवकर कळतं. इथेही काही घडत नाही.

पुस्तकं मिळवणं हे मात्र काम आहे. हिंदी मिळतात. मराठीसाठी नागपूर गाठावं लागतं किंवा फोनवर मागवावं लागतं, आणि पोस्टेजला पुस्तकाच्या निम्मे पैसे जातात. म्हणून मी सुपेल्याच्या रविवार बाजारात रद्दीवाल्यांकडे बसते. तिथे गाइड, जुने प्रश्नसंच, वाढदिवसाच्या कोऱ्या डायऱ्या यांच्या ढिगात कधी तरी काही लागतं. जूनच्या पहिल्या रविवारी मला एक रशियन पुस्तक मिळालं, मॉस्कोत छापलेलं, हिंदीत. अर्कादी गैदारची 'चुक आणि गेक'ची गोष्ट. वीस रुपये. पहिल्या पानावर एका सेक्टरचा आणि क्वार्टरचा नंबर निळ्या शाईत लिहिलेला. अशी पुस्तकं त्या काळी मराठीतही यायची, जाड गुळगुळीत कागद आणि सुंदर चित्रं. तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीतल्यांच्या घरी एखादं तरी असेल. रशियन इंजिनिअर भिलाईत राहत होते, त्यामुळे इथे ती जरा जास्त आली असावीत असा माझा अंदाज.

दोन भाऊ भांडतात आणि वडिलांची तार खिडकीबाहेर भिरकावली जाते. आईला सांगायची हिंमत होत नाही. मग तिघं बर्फातून हजार मैल जातात आणि पोहोचतात तर घर रिकामं. आजीला मी ती एका दुपारी वाचून दाखवली, हिंदीतून जमेल तशी मराठी करत. तिला लक्ष्मीबाईंपेक्षा ती जास्त आवडली की काय अशी मला शंका आहे. "तार सांगून टाकाले पाहिजे होती पोट्ट्यांनी," ती संध्याकाळपर्यंत म्हणत होती.

यंदा नौतपा नावालाच होता. मेच्या अखेरीस तापायचे ते नऊ दिवस ढगाळच गेले. जूनमध्ये ओली चादर गेली, कूलर बंद झाला, आणि मी दिवस मोजू लागले. माझी गाडी ३ जुलैची आहे. पुस्तकाची शंभरेक पानं उरली आहेत. मध्ये पाहुणे, माझी नागपूरची प्रवेशाची फेरी, आजीचा ताप, असे दिवस बुडाले. रोज दहाच्या जागी वीस वाचू या म्हटलं तर आजीनं साफ नाही म्हणून सांगितलं. "गाडी पकडायची आहे का?" वर हेही म्हणाली, "मले तर माहीत आहे पुढं काय होते. तुलेच माहीत नाही."

खरं आहे ते. शेवट तिला पाठ आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं, हेही तिनंच मला सांगून टाकलं. मी हॉस्टेलमध्ये उरलेली पानं एका रात्रीत वाचू शकते. पण मग एक वाजता इथे कोण बसणार, हा प्रश्न पुस्तकाचा नाहीच.

ऑडिओबुकचा उपाय तुम्हाला सुचला असेल. मलाही सुचला. मराठीत आता भरपूर आहेत, वाचणारे मोठे नट असतात, च-ज एकदम चोख. फोन आजीच्या उशाशी ठेवून लावून दिलं. वीस मिनिटं तिनं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "चांगला वाचते. पण मी बोलली तर थांबत नाही." बंद कसं करायचं ते शिकवलं, पण बटण नेमकं ज्या जागी आहे तिथेच तिला दिसत नाही. बोलून हुकूम देता येतो, तेही करून पाहिलं. फोनला तिची भंडाऱ्याची मराठी समजली नाही. एकट्यानं ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना या सोयीनं जग परत मिळालं आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. आजीला मात्र पुस्तकापेक्षा पुस्तक थांबवणं जास्त हवं असतं.

आईची शाळा जूनपासून सुरू झाली. ती दुपारी घरी नसते. शेजारची मल्याळी आजी येऊन बसते, दोघी हिंदीत तासन् तास बोलतात, त्या बाजूनं चिंता नाही. पण वाचणारं कोणी नाही.

गेल्या सोमवारी जेवण झाल्यावर बाबांनी चष्मा पुसला आणि पुस्तक मागितलं. दुपारी नाही, रात्री साडेआठला जमेल म्हणाले. मी बुकमार्क काढून दिला. बाबा वाचतात तेव्हा आधी ओठ हलतात, मग आवाज येतो. जोडाक्षरापाशी अडखळतात. पहिल्या दिवशी दोन पानं झाली, दुसऱ्या दिवशी तीन. 'जग' आलं तेव्हा त्यांनी पाण्याचा वाचला आणि आजीचा हात वर झाला. पन्नाशी उलटलेला माणूस आईकडून शब्द दुरुस्त करून घेत होता आणि आई स्वयंपाकघरातून डोकावून बघत होती.

मग प्रश्न माझा उरला, कारण शेवट मला माहीत नाही. ठरलं असं की रात्री साडेआठला हॉस्टेलमधून फोन लावायचा, बाबा तो आजीच्या शेजारी ठेवणार आणि वाचणार. नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून काल रंगीत तालीम केली. मी गच्चीवर जाऊन बसले, बाबा खाली. पाऊस नुकताच थांबला होता. पलीकडे लाईनवरून एक मालगाडी चालली होती, तिच्या खडखडाटात अर्धं वाक्य गेलं. आजी मागे एकदा म्हणाली होती, "आजोबाच्याच रुळावरून जाशील नागपूरले." मी फोन कानाशी दाबून धरला. बाबांचा आवाज तुटत तुटत येत होता, एक शब्द, मग नुसती घरघर, मग दुसरा शब्द. कुठलं पान चालू आहे तेच कळेना. तेवढ्यात आजीचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"थांब. हा चाकाचा च आहे. पुन्हा वाच."